तत्त्वासाठी नव्हे

संपादकाची खुर्ची सोडून मास्तरकी का पत्करलीत, हा प्रश्न गेली बारा वर्षे मला व्याख्यानांनंतर, लग्नमंडपांत आणि एकदा तर दंतवैद्याकडे, म्हणजे जिथे उत्तर देणे शक्यच नव्हते तिथेही विचारला गेला आहे. बहुधा मी काही बोलण्याआधी दुसराच कोणीतरी 'तत्त्वासाठी' असे सांगून मोकळा होतो आणि मग आगरकरांचे नाव निघते. पुन्हा विचारलेत म्हणून एकदाचे लिहून टाकतो.

आगरकरांनी १८८७ च्या ऑक्टोबरात 'केसरी' सोडला आणि वर्षभरात स्वतःचा 'सुधारक' काढला. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहूनही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. फर्ग्युसनचे प्राचार्यपद त्यांच्याकडे १८९२ मध्ये आले, तेव्हाही पत्र चालूच होते. अध्यापन हा त्यांच्यासाठी पत्रकारितेतून काढलेला पळ नव्हता. मी मात्र राजीनाम्यानंतर काहीही काढले नाही. दोन कथासंग्रह निघाले, पण त्यांनी कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या तालुका वार्ताहराने बातमी पाठवली होती: एका साखर कारखान्याने गाळप होऊन अडीच महिने उलटले तरी उसाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दराची रक्कम, दिलेली नाही. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात. त्याने शेतकऱ्यांच्या वजनपावत्या जोडल्या होत्या, कारखान्याचे म्हणणेही घेतले होते. बातमीत बोट ठेवायला जागा नव्हती. मी ती पहिल्या पानावर अँकर म्हणून, म्हणजे पानाच्या तळाशी ठळकपणे, लावली. रात्री साडेनऊला जाहिरात विभागाचा माणूस सहज म्हणून डोकावला आणि परवा त्याच कारखान्याच्या अध्यक्षांच्या एकसष्टीची आठ पानी पुरवणी असल्याचे सांगून निघून गेला. त्याने काही मागितले नाही, मालकांचा फोन आला नाही. मी आपण होऊन उठलो, डेस्कवर गेलो आणि ते पान लावणाऱ्या मुलाला म्हणालो, 'हे आज थांबव, आकडे पुन्हा तपासून घेऊ.'

आकडे मी दुपारीच तपासले होते.

पुरवणी निघाली. तिच्या जाहिराती गोळा करणाराही तोच वार्ताहर होता, कारण तालुक्याला बातमीचे मानधन नावापुरते असते आणि घर कमिशनवर चालते. म्हणजे त्याने बातमी पाठवली ती स्वतःच्या पोटावर पाय देऊन, आणि मी तो पाय अलगद उचलून बाजूला ठेवला. पाच दिवसांनी ती बातमी सातव्या पानावर दोन कॉलमांत लागली. त्याचा फोन आला. 'साहेब, काही चुकलं होतं का?' एवढेच त्याने विचारले. मी जागेची अडचण सांगितली.

त्या महिन्यात चाळीस जणांचे पगार आधीच लांबले होते, हे मी स्वतःला आजही सांगतो आणि ते खोटे नाही. पण त्या रात्री मला पगार आठवले होते का? नव्हते. ते कारण मला नंतर सुचले. राजीनामाही लगेच दिला नाही. आठ महिने त्याच खुर्चीत बसून वृत्तपत्रस्वातंत्र्यावर अग्रलेख लिहिले, आणि त्यांतले दोन चांगले होते. मग महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जागा निघाली. पगार निम्म्याहून कमी होता, पण रात्री साडेनऊला तिथे कोणी डोकावणार नव्हते.

त्या काळातला मी समोर आला तर म्हणेल, 'निदान छापली तरी. तू बाहेर पडून एकही बातमी छापली नाहीस.' यावर माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

दर वर्षी पहिल्या सत्रात हा प्रसंग मी वर्गात 'एका संपादकाने' असे म्हणून सांगतो. मुले त्या संपादकाला फाडून खातात, आणि तास संपेपर्यंत मी त्याची बाजू लढवत राहतो.