डोंबिवली ते अंधेरी: पास काढण्याआधी ‘व्हाया’ ठरवा

नोकरी अंधेरीला लागली की पहिला प्रश्न पडतो तो लोकलचा पास कुठपर्यंतचा काढायचा याचा. डोंबिवलीहून निघणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची. दुसरा म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून हा दुसरा रस्ता वेळ वाचवतो, पण रेल्वेचा पास तिथे चालत नाही. पास घाटकोपरपर्यंतचाच काढायचा आणि मेट्रोचे पैसे रोज वेगळे मोजायचे. मी दोन्ही हिशेब कागदावर मांडले आणि पास ‘व्हाया दादर’ काढला. ज्या दिवशी दादरचा ब्रिज नकोसा होतो त्या दिवशी घाटकोपरला उतरून मेट्रो घेतो. पासाच्या मार्गात मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरता येतं, त्यामुळे हे चालतं. उलट करता येत नाही. घाटकोपरच्या पासावर दादरपर्यंत गेलात तर पुढचा प्रवास विनातिकीट.

‘व्हाया’ हा शब्द खिडकीवर स्वतःहून, स्पष्ट सांगावा. मागे रांग असली की कारकून विचारेलच असं नाही, आणि हातात आलेला पास वाचल्याशिवाय खिडकी सोडू नये. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्याला हे जास्त जाणवतं: ट्रान्स-हार्बरने ऐरोलीवरून गेलं तर एक अंतर, कुर्ल्याला गाडी बदलून गेलं तर दुसरं. पासावर एक मार्ग छापलेला असताना दुसऱ्याने गेलं की टीसी तो मानत नाही. नवी मुंबईच्या स्टेशनांसाठी भाड्यात सिडकोचा (नवी मुंबई वसवणाऱ्या महामंडळाचा) अधिभारही असतो, म्हणून तेवढ्याच अंतराचा पास तिकडे थोडा महाग दिसला तर चूक समजू नये.

आता पैशाचं. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत येतो. (जून २०१४मध्ये हे गणित तीसवर न्यायचं ठरलं होतं, मुंबईत गदारोळ झाला आणि ते मागे घेतलं गेलं.) जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरल्या तर महिन्यातल्या आठव्या दिवशी पास वसूल होतो. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्यांनी म्हणूनच आधी दिवस मोजावेत. महिन्याला आठ-नऊ दिवस भरत असतील तर पास आणि तिकिटं जवळपास सारखीच पडतात.

तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. समजा महिन्याचा ३०० रुपये असेल तर तीन महिन्यांचा ८१० आणि वर्षाचा ३२४०. नीट बघा: सवलत तिन्हीकडे दहा टक्केच आहे. वर्षाचा काढून जास्त काही वाचत नाही, फक्त रांग टळते. पास हरवला तर नवा काढावा लागेल असंच धरून मी चालतो, त्यामुळे वर्षभराची रक्कम एका कागदात अडकवण्यापेक्षा तीन महिन्यांचा बरा. दहा टक्के मिळतात आणि धोकाही बेताचा राहतो. मे महिन्यात गावी जायचं असेल तर तेवढे दिवस पुढे ढकलून नवा पास सुरू करता येतो, हा आणखी एक फायदा.

फर्स्ट क्लासला मात्र हे पंधरा फेऱ्यांचं सूत्र लावू नका. मे २०२२मध्ये फर्स्ट क्लासचं एकेरी भाडं निम्मं केलं, पासाचे दर तसेच ठेवले. त्यामुळे पास वसूल व्हायला आता जास्त दिवस लागतात. आपल्या अंतराचं एकेरी भाडं घ्या, पासाच्या किमतीला त्याने भागा, आलेल्या आकड्याचे निम्मे तुमचे दिवस. एसीचा पास असेल तर साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासमध्येही बसता येतं. फर्स्ट क्लासच्या पासावर एसीत चढता येत नाही.

पासावर ओळखपत्राचा नंबर छापला जातो. जो नंबर दिला तेच ओळखपत्र रोज जवळ हवं. नुसता पास दाखवला तर तो ग्राह्य धरत नाहीत. मी खिशात कायम असतं त्याच कार्डाचा नंबर देतो. आधार घरी, पॅन पाकिटात आणि पासावर आधारचा नंबर, ही अगदी नेहमीची चूक. कागदी पास घडी पडते तिथे झिजतो आणि पावसाळ्यात शाई उडते, म्हणून पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या पाकिटात घालावा. तारीख वाचता आली नाही तर वाद आपल्यालाच घालावा लागतो.

रेल्वेच्या ॲपवर (आधी यूटीएस, आता रेलवन) पास काढताना दोन गोष्टी अडवतात. पहिली जीपीएस: पेपरलेस तिकीट रुळांच्या अगदी जवळ उभं राहून काढता येत नाही, म्हणून हे काम घरीच उरकावं. दुसरी तारीख. ॲपवरचा नवा पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. जुना काल संपला आणि आज सकाळी फलाटाकडे जाताना आठवलं, तर आजची दोन तिकिटं काढावीच लागतात. नूतनीकरण दहा दिवस आधीपासून करता येतं आणि नवा पास जुना संपल्यावरच सुरू होतो, आधी केल्याने दिवस बुडत नाहीत. मी फोनवर आठ दिवस आधीचा गजर लावून ठेवतो. खिडकीवर जायचंच असेल तर पगाराचा पहिला आठवडा टाळावा.

पेपरलेस पास ज्या फोनवर काढला त्याच फोनच्या ॲपमध्ये दाखवायचा, स्क्रीनशॉट चालत नाही. फोन बंद पडला की तुम्ही विनातिकीट: भाडं आणि वर किमान २५० रुपये. संध्याकाळी सातनंतर बॅटरी तळाला जाणाऱ्यांनी कागदीच काढावा.

राहिला रविवारचा प्रश्न. अंधेरीच्या पासावर सीएसएमटीला जायचं झालं तर पास दादरपर्यंत चालतो. दादर-सीएसएमटीचं तिकीट डोंबिवलीहून निघण्याआधीच काढून ठेवावं. दादरला उतरून काढू म्हटलं तर आधी ब्रिज, मग रांग, आणि तोवर दोन फास्ट गाड्या गेलेल्या असतात.