सशाचे डोके असलेला तो चौकोन

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि एकदाच सविस्तर. बारशाला मी जो सुती चौकोन विणून देते, ज्याच्या मध्यावर सशाचे डोके आणि दोन लांब कान असतात, तो हातात घेऊन उलटसुलट करत कोणीतरी विचारतेच, "हे पांघरायचं का खेळायचं? एवढी मेहनत करता, तर स्वेटर काहून नाही करत?" विचारणाऱ्यांत माझ्या नणंदा आहेत, शेजारणी आहेत, आणि एके काळी मी स्वतःही असते, कारण कित्येक वर्षे मी स्वेटर, टोपडी आणि मोजेच विणत होते.

स्वेटरचे उत्तर सोपे आहे. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो हे मला ठाऊक आहे, पण ते कौतुक जेमतेम दोन महिन्यांचे. फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचा स्वेटर पुढच्या थंडीपर्यंत आखूड होतो, आणि ज्या गावाने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले, तिथे मधला सगळा काळ तो कपाटात पडून राहतो. चौकोनाला मापच नाही. शिवाय लोकरीचा केस बाळाच्या तोंडात जातो आणि घामोळ्या आलेल्या मानेला ती टोचते. कापसाच्या विदर्भात राहून मी सुती दोरा सोडून लोकर का घ्यावी, हे मला कोणी पटवून द्यावे.

विणीचेही कारण आहे. सगळ्या ओळी सुलट घातल्या की दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा वळत नाहीत. जाळीची वीण टाळते, कारण तिच्यात बोट अडकते. डोळ्यांना मणी किंवा बटण कधीच नाही, ते दोऱ्यानेच भरायचे. आणि डोक्यासाठी सुई एक नंबर बारीक घ्यायची, म्हणजे आतला भराव टाक्यांमधून डोकावत नाही. सोबत एक चिठ्ठी असते की वर्ष पूर्ण होईपर्यंत हे बाळाच्या झोपेत जवळ ठेवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला तसाच आहे: वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी मऊ खेळणी आणि सुटी पांघरुणे नकोत. ती चिठ्ठी वाचून "मग उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न येतो. बाळाने धीरासाठी तो मुठीत धरावा, हा उपयोग; तो जागेपणी आहे, लस टोचून घेताना आहे, आई कामावर निघते तेव्हा आहे. आणि वर्षानंतर रात्रीही आहे.

आता ज्या प्रसंगानंतर हा प्रश्न मला बोचू लागला, तो सांगते. बहिणीच्या मुलीला मुलगा झाला, तेव्हा मी फिकट हिरवा ससा विणला. कान मनासारखे होईनात म्हणून ते उसवून पुन्हा घातले होते. वर्षाच्या वाढदिवसाला मी मानेवाड्याला गेले. खोलीत माणसे दाटली होती, कूलर धडधडत होता, केक कापून झाला आणि मूल गर्दीला घाबरून रडू लागले. तेव्हा भाचीच्या सासूबाईंनी आतून एक विटलेली ओढणी आणून त्याच्या हातात दिली. त्याने तिचे टोक नाकाशी धरले, अंगठा तोंडात घातला आणि तो गप्प झाला. "याला हीच लागते बाप्पा, धुवूही देत नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या, आणि सगळे हसले, मीही हसले. मग कोणीतरी मावशीच्या सशाचे काय झाले, असे विचारले. भाची आत गेली आणि ससा घेऊन आली, मी दिलेल्याच पिशवीत, चिठ्ठीसकट. "मावशी, अगदी कोरा आहे गं. इतका छान आहे की वापरायची हिंमतच झाली नाही. तुला दुसऱ्या कुणाच्या बारशाला देता येईल." तिच्या मनात काहीही वाईट नव्हते, हे मला त्या क्षणीही कळत होते, आणि म्हणूनच रागावायची सोय उरली नव्हती. मी "बरं" म्हटले आणि पिशवी पर्समध्ये ठेवली. परतताना ऑटोत मात्र मी तिला मनातल्या मनात पुष्कळ ऐकवले: अडीच मीटरची ओढणी मुलाच्या गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते, माझा चौकोन एका फुटाचा आहे. हे अगदी खरे आहे. पण ते मला त्या मुलाच्या काळजीने सुचले नव्हते.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१ साली अशा वस्तूंविषयी जे मांडले, ते मी त्यानंतर वाचले. अशी वस्तू मूल स्वतः निवडते, आणि आई ती मळू देते, कारण धुतली की तिच्यातले सातत्य तुटते. म्हणजे ओढणीपाशी वर्षभराचा आईचा वास होता आणि माझ्या सशापाशी प्लास्टिकच्या पिशवीचा. पण ससा पाळण्याबाहेर, मांडीवर, रोजच्या हाताळणीत राहिला असता तर त्याने तो निवडला असता का? कधी वाटते, नक्कीच. कधी वाटते, ही माझी समजूत. आता मी आयांना सांगते की काही दिवस हा तुमच्या उशाशी ठेवा आणि मग बाळाला द्या. त्यावर स्वेटर विणणारी जुनी मी टोमणा मारते की स्वेटर निदान फोटोत तरी दिसला असता. दिसला असता, हे मान्य. पण तो फोटो कोणासाठी, असे मी तिला विचारते, आणि तीही उलट विचारते की मग ससा कोणासाठी.

हिरवा ससा मी कोणाला दिलेला नाही, आणि दोरा चांगला असूनही उसवलेला नाही. त्याचे काय करायचे ते ठरलेले नाही. विणणे मात्र चालू आहे. चिठ्ठीत एक ओळ वाढवली आहे: "वापरा, मळू द्या." परवा धरमपेठेतल्या एका बारशाला ती वाचून बाळाच्या आजीने विचारले, "मळवायलाच द्यायचा, तर पांढरा काहून विणला?"