हौद्यातले ओरखडे

खोका आधी आला, गाडी चार दिवसांनी. आमच्या कामात हा क्रम नेहमीचाच. पोरं रात्र-रात्र जागून व्हिडिओ बघतात, हवेच्या सस्पेन्शनचा अख्खा संच मागवतात, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणारे चार रबरी बलून, दोन कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्हचा ठोकळा आणि रिमोट, आणि मग विचारतात, "हे बसेल ना?" बसतं. काहीही बसवता येतं. कुठं आणि किती उंचीवर, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

गाडी 1969 ची शेवरोले सी-10 पिकअप, आखूड हौद्याची. कागदोपत्री मालक काका, हौसेचा मालक त्यांचा मुलगा. मुलाचं म्हणणं, उभी केली की गाडीचं पोट जमिनीला टेकलं पाहिजे. काकांचं म्हणणं एवढंच, "चासी कापायची नाही." दोघं माझ्या गॅरेजात उभे राहून एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलत होते.

या गाडीच्या मागं ट्रकसारखे पाटे नाहीत. गाडीच्या मध्यापासून निघालेले दोन लांब हात मागे एक्सलला पकडतात, वर कॉइल स्प्रिंग, आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून चासीपासून एक्सलपर्यंत एक आडवा दांडा. मुलाला हे सगळं काढून फोर-लिंक, म्हणजे एक्सल धरणाऱ्या चार दांड्यांची जोडणी, बसवायचं होतं, कारण व्हिडिओत तसंच होतं. मी म्हटलं, अरे, हेच लांब हात अमेरिकेतल्या नॅसकारच्या मुख्य शर्यतीच्या गाड्यांनी 2021 पर्यंत वापरले, तुझ्या गाडीला काय धाड भरलीय? तेवढ्यापुरता तो गप्प झाला.

काकांना वेगळीच शंका. "रबर ते रबर. गळणारच." खोटं नाही ते. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमला कारखान्यातूनच हवेचं सस्पेन्शन होतं, आणि गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी ते काढून कॉइल टाकल्या. पण तेव्हाचं रबर, तेव्हाचे व्हॉल्व्ह वेगळे. आज बलून सहसा फुटत नाही. गळतात ते जोड, आणि जोड गळतात ते बसवणाऱ्याच्या हातामुळे.

आता मुख्य प्रश्न, बलून ठेवायचा कुठं. हे मला कोणी विचारत नाही, म्हणून इथं सविस्तर सांगतो. बलून थेट एक्सलवर ठेवला तर चाकावर येतं तेवढंच वजन त्याच्यावर येतं. हातावर पुढं सरकवून ठेवला तर कमी हालचालीत चाक जास्त उठतं, पण वजन त्याच प्रमाणात वाढतं. एका बाजूला रिकाम्या हौद्याचे 300 किलो धरा. पुढच्या टोकापासून हाताच्या लांबीच्या तीन चतुर्थांशावर बलून ठेवला तर त्याच्यावर आले 400. बलूनचं कामाचं क्षेत्रफळ 150 चौरस सेंटिमीटर धरलं तर हवा लागते साधारण 38 पाउंड. एक्सलवर असता तर 28 मध्ये भागलं असतं. पण एक्सलवर ठेवला तर तो खाली पूर्ण बसेपर्यंत जागा पुरत नाही, आणि मुलाला तर जमीन हवी होती. म्हणून हातावर.

मग आम्ही स्प्रिंगा काढल्या, चासी घोड्यांवर घेतली आणि जॅकने नुसता एक्सल वर-खाली करत बसलो. हे काम करायला पोरांना लाज वाटते, कारण त्यात काही जोडलं जात नाही. पण सगळं कळतं ते इथंच. एक्सल वर जाताना चासीला टेकतो ती जागा खडूने आखली. ब्रेकची नळी कुठं ताणते ते पाहिलं. फुगलेल्या बलूनभोवती चहूबाजूंनी बोटभर तरी मोकळी जागा हवी, ती शॉकअपच्या बाजूला मिळत नव्हती, म्हणून शॉकअपचा कंस बदलला. आणि खडूची रेघ बघून काकांना सांगावं लागलं, चासी न कापता गाडी खाली जाईल, पण टेकणार नाही. चार बोटं अधांतरी राहील.

खरं सांगायचं तर मी काकांच्या बाजूने होतो. पन्नास वर्षं न ठोकलेली चासी मला कापायची नव्हती. मुलाला मी दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी काकाच म्हणाले, "कापा. त्याचं मन मोडून काय करायचंय?" आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

एक्सलच्या वर चासीत अर्धगोल खाच घेतली. काटकोनात कधी कापायचं नाही, कोपऱ्यातून तडा जातो. एका वेळी एकच बाजू, आणि ती पूर्ण वेल्ड होऊन गार झाल्याशिवाय दुसरीला ग्राइंडर लावायचा नाही. आमचा वेल्डर हाताचा सोन्यासारखा आहे, पण घाईचा राक्षस. त्याच्याकडून आतून 6 मिलिमीटरचा पत्रा तुकड्या-तुकड्याने टाके मारून घेताना मी डोक्यावर उभा होतो, म्हणून तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

नळ्यांचं काम पोऱ्याला दिलं आणि त्यात एक रात्र गेली. सकाळी बघतो तर मागचा एक कोपरा बसलेला. साबणाचं पाणी मारलं, एकाही जोडाला बुडबुडा नाही. शेवटी व्हॉल्व्हचा ठोकळा उघडला, तर आत टेफ्लॉन टेपचा नखाएवढा पांढरा धागा. आट्यांच्या पहिल्या पेरापासून टेप गुंडाळली की तिचे तुकडे आत जातात, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि हवा रात्रभर बारीक निघत राहते. मी पातळ सीलंट वापरायला सांगितलं होतं. पोऱ्या म्हणाला, टेप हाताशी होती. त्याच पोऱ्याला नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली शिरताना मी दोनदा कॉलर धरून ओढलाय. व्हॉल्व्ह उघडला की दीड टन लोखंड खाली येतं, आणि ते विचारून येत नाही.

गाडी तयार झाली तेव्हा खरंच देखणी चालली. रिमोटवर तीन बटणं: एकला जमिनीवर, दोनला चालवायची उंची, तीनला वर. खोक्यातला कंट्रोलर दाबावर चालणारा. दोन नंबर दाबलं की मागे 38 पाउंड भरून थांबतो. उंची मोजणारे सेन्सर वेगळे घ्यावे लागतात. मुलाने विचारलं होतं, घेऊ का? मी म्हटलं, "कशाला? हौशी गाडी आहे, दाबावर भागेल."

हे वाक्य माझं आहे. कोणाच्या माथी मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गाडी घेऊन परत आले. उतरायच्या आत मला वास आला, जळक्या रबराचा. हौद्यात फरशा होत्या, 400 किलोच्या आसपास. काकांनी रीतसर दोन नंबर दाबलं होतं. कंट्रोलरने रीतसर 38 पाउंड मोजले आणि झालं म्हणून सांगितलं. त्याला फरशा दिसत नाहीत. एवढ्या वजनाला 63-64 पाउंड हवे होते. गाडी मागून 100 मिलिमीटर खाली बसून चालली, आणि पहिल्याच गतिरोधकावर टायर हौद्याच्या आतल्या पत्र्याला घासला.

घासला तो एकाच बाजूला. का, तेही मला माहीत होतं. आडवा दांडा 450 मिलिमीटरचा असेल, चालवायच्या उंचीला सपाट असेल, तर एक्सल 100 ने वर गेला की तो 11 ने बाजूला सरकतो. त्या बाजूला मी 10 ची जागा सोडली होती. इतक्या खाली गाडी फक्त उभी असते, चाक फिरत नाही, असा माझा हिशेब. वर मुलाने मागवलेली रुंद चाकं.

काकांनी खाली वाकून काळी पट्टी बघितली आणि विचारलं, "वजन टाकायचं नव्हतं का यात?"

काय सांगणार? हवेच्या सस्पेन्शनची खरी करामतच तर ती. वजन वाढलं की हवा वाढवा, उंची तीच राहते, आणि कडकपणा वजनाच्या मापानेच वाढतो, म्हणून रिकामी गाडी उडत नाही आणि भरलेली आपटत नाही. कॉइलला हे जमत नाही. हे मी मुलाला भाषण दिल्यासारखं सांगितलं होतं. आणि ज्याला वजन कळत नाही असा कंट्रोलर स्वतःच्या तोंडाने ठीक ठरवला होता.

मला खटकतं ते वेगळंच. पहिल्या दिवशी मी हौदा बघितला होता. आतला रंग खरवडलेला, मागच्या फळीच्या कडा आत चेपलेल्या, तळाला उभे ओरखडे. शोसाठी ठेवलेल्या गाडीचा हौदा असा नसतो. पत्र्याची जाडी बघितली, गंज बघितला, ओरखडे नुसते डोळ्यांखालून गेले. बोलत होता मुलगा, मी त्याचंच ऐकत होतो.

सेन्सर आणि नवा कंट्रोलर माझ्या खर्चाने बसवला. आडवा दांडा लांब करून चासीकडची त्याची पकड पलीकडे नेली, त्यामुळे सरकणं निम्म्याहून कमी झालं. हौद्यात पोती टाकून, काढून, पुन्हा टाकून उंची तपासली. दोन दिवस गेले. मुलगा एकदा येऊन बघून गेला, त्याला फरक कळला नाही.

परवा काकांचा फोन आला. 100 पाउंडावर 33 टक्के ड्युटी म्हणजे पंप सलग किती वेळ चालवायचा, हे विचारायला. मी म्हटलं, तीन मिनिटं चालला तर सहा मिनिटं विश्रांती, पण तुम्हाला एवढी हवा कशाला लागतेय?

"एक नंबर दाबून खाली बसवतो ना रोज," काका म्हणाले. "गुडघा दुखतो. हौदा खाली आला की फरशा उचलाव्या लागत नाहीत, सरकवतो. मग दोन दाबतो."

मुलगा गाडी टेकवतो का, मी विचारलं. शोला एकदा नेली होती म्हणाले.