माझाच खिळा

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारीनं सुरू होते, पण आम्हा नालबंदांची ऐरण दोन-तीन दिवस आधीच वाजायला लागते. जनावर बाजारात उभं करायचं तर गिऱ्हाईक आधी दात बघतं आणि मग पाय. त्या सकाळी दोन मारवाडी घोडे, काठेवाडी शिंगरू आणि एक म्हातारं तट्टू असे चौघे रांगेत होते. पलीकडं गाढवांचा बाजार. गाढवांना नाल सहसा लागत नाही, पण खूर कापावेच लागतात. ते घोड्यापेक्षा उभट आणि अरुंद असतात. घोड्यासारखे गोल करायला गेलं तर गाढव चालायचं विसरतं. हे अब्बांनी मला चापट मारून शिकवलं होतं.

तेवढ्यात टेम्पोतून एक पांढरी घोडी उतरवली. वरातीची. उजवा पुढचा पाय फक्त टोकावर टेकवत होती.

"मामू, खांदा भरला बगा हिचा," मालक म्हणाला. "परवापासून पाय टाकंना. नाल तर तुमीच मारली व्हती, मस्त बसली."

खांद्यावर रुपयाएवढा ताजा डाग होता. कुणीतरी लोखंड तापवून दिलेला. मला त्या डागाचा राग आला, पण मी काही बोललो नाही. घोडं पुढच्या पायानं लंगडलं की लोक खांद्याकडं बघतात, कारण खांदा डोळ्यासमोर असतो. पण दुखणं बहुतेक वेळा खुरात निघतं.

दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवला. डावं गार होतं, उजवं चुलीशेजारच्या भांड्यासारखं कोमट. घोट्याच्या मागं बोटं लावली तर नाडी ठणठण उडत होती, डाव्या पायाला ती शोधावी लागली. मग हातोडीनं एकेक खिळ्याच्या डोक्यावर हलकं टिचकावत गेलो. आम्ही सात खिळे मारतो, बाहेरून चार, आतून तीन. बाहेरच्या चारांना तिनं कान सुद्धा हलवला नाही. आतल्या दुसऱ्याला पाय असा हिसडला की माझी पगडी उडाली.

खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. पाच दिवसांपूर्वीची ती संध्याकाळ. लग्नसराई, दिवसभरात सहावं जनावर, उजेड सरलेला, आणि मालक "आटपा मामू" करत उभा. खिळ्याचं टोक एका बाजूनं तिरकं घासलेलं असतं, म्हणून तो खुराच्या कडक भिंतीतून बाहेर वळतो आणि पाऊण इंच वर निघतो. तो तळव्याच्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरच राहायला हवा. कडक भागात हातोडी टणटण बोलते, आत सरकला की आवाज भद्द होतो. त्या संध्याकाळी असा आवाज आला असेल, तर मी तो ऐकला नाही. जिवंत मांसात घुसला असता तर घोडी तिथंच उसळली असती. हा नुसता शेजारी बसून दाबत राहिला.

वळवलेली टोकं कापली आणि एकेक खिळा उपटला. सहा कोरडे, चकचकीत. सातवा ओला आला. नाकाजवळ धरला, सडक्या अंड्याचा वास. नाल काढून त्याच भोकाशी सुरीनं बारीक वाट केली, तर काळपट पाणी थेंबथेंब गळालं. घोडीनं मान खाली घातली आणि लांब फुर्रकन श्वास सोडला.

मालक वाकून बघत होता. "हे कशानं झालं, मामू?"

"खिळ्यानं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

रांगेतला मारवाडीवाला आपलं घोडं घेऊन निघून गेला. जाऊ दे. पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी जखम तपासून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात लवकर धरतो आणि धरला की सहसा सोडत नाही. सोसवेल इतक्या गरम पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून रोज खूर बुडवायचं, वरून पट्टी, चिखलापासून लांब. नालेचे पैसे परत केले. त्याच्या वरातीच्या दोन सुपाऱ्या गेल्या, त्यातल्या एकीचं मी दिलं, दुसरीचं त्यानं घेतलं नाही. डाग देणाऱ्याला मात्र त्यानं तिथूनच फोन लावला आणि जे बोलला ते इथं लिहिता येत नाही.

तीन दिवसांत घोडी पूर्ण पाय टाकायला लागली. ते भोक खाली उतरून कापलं जाईपर्यंत तिथं खिळा मारला नाही. खूर महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतं.

आता दर सहा-सात आठवड्यांनी मालक तिला घेऊन येतो. मी पाय मांडीवर घेतला की तो कान पुढं करून शेजारी बसतो आणि प्रत्येक ठोक्याला विचारतो, "मामू, ऐकूलालाव का?"