आठवडा ९ : कळशीचं बूड अखेर वळलं

चित्रकलेच्या तासाला तीन आठवडे रुतून बसलेली कळशी या मंगळवारी सुटली. सातवीच्या निम्म्याहून जास्त वह्यांत कळशीचं बूड तोंडापेक्षा गोल आलं, तेही पट्टी किंवा कंपास न लावता. आठवडा ६ पासूनचे हाल ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातली मजा कळेल. काव कलेवरचा (देवळांच्या भिंतींवरची चित्रं) निगेटिव्ह स्पेसचा गृहपाठ (लाल काव, ती खरवडून उघडा पडलेला पांढरा चुना, आकार कुठला आणि मोकळी जागा कुठली हा खेळ) जितका अलगद उतरला, तितकाच हा वस्तुचित्राचा गृहपाठ आपटला होता.

दुखणं जुनंच. तोंड जवळजवळ पूर्ण वर्तुळ आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. मुलांच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. तोंड गोल असतं हे माहीत आहे, कळशी सपाट जागेवर बसते हेही माहीत आहे. दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच चित्रात आल्या की कळशी पुढे कलंडायला लागते. ‘दिसतं तसं काढा’ हे कितीही वेळा सांगितलं तरी फरक पडत नाही, कारण कळशीत बूड दिसतच नाही धड. पोट पुढे आलेलं, त्याखाली बुडाची चार बोटं कमान तेवढी डोकावते. एवढ्याशा कमानीवरून उरलेलं लंबवर्तुळ मनात पुरं करणं बारा वर्षांच्या मुलाला जड जातं. थोडक्यात, सुरुवातीलाच चुकीचं भांडं पुढे ठेवलं होतं.

म्हणून आठवडा ७ ला पारदर्शक बरणी आणली, ती अर्धी पाण्याने भरली आणि पाण्यात निळी शाई टाकली. पाण्याचा पृष्ठभाग झकास दिसला. पण कडी दाखवायला बरणीला लावलेले रबर बँड पाण्याखाली गेले तिथे घोळ झाला. पाण्याने भरलेली गोल बरणी भिंगासारखी वागते, मागची कड भलतीकडे सरकलेली आणि फुगलेली दिसते. मुलांनी प्रामाणिकपणे तेच काढलं, प्रत्येक कडं मधोमध तुटलेलं. दिसतं तसं काढलंय, त्यावर रागवणार कसं? शिवाय रबर बँड सरळ बसत नाहीत. एका बाजूला दोन मिलिमीटर घसरला तरी कडं तिरकं, आणि मग कडं बरणीच्या उभ्या अक्षाला काटकोनात असतं हा धडाच खोटा पडतो.

आठवडा ८ ला लंबवर्तुळाच्या खिडक्या कापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड करून पाहिलं. ते जरूर टाळा. मुलं खिडकीतून वस्तू बघत नाहीत, खिडकीच्या कडेने पेन्सिल फिरवतात.

आता जे चाललं ते नीट लिहितो.

सरळ उभ्या भिंतीची काचेची बरणी घ्यायची, साधारण १० सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच. खांद्याशी निमुळती होणारी लोणच्याची बरणी नको. बरणी कोरडी आणि रिकामी. कडी आखायला रबर बँडऐवजी कागदाची पट्टी: दोन बोटं रुंद, सरळ कापलेली, बरणीभोवती ताणून गुंडाळायची आणि पट्टीचं एक टोक दुसऱ्यावर चढेल तिथे वरची कड वरच्या कडेवर तंतोतंत बसवायची. कड जुळली की पट्टी आपोआप बरणीच्या अक्षाला काटकोनात येते. मग त्या कडेने पर्मनंट मार्करने रेघ. अशी कडी बुडापासून ६, १२ आणि १८ सेंमीवर, चौथं कडं म्हणजे खुद्द बूड. मार्कर नंतर सॅनिटायझरने पुसला जातो.

बाकावर बसलेल्या सातवीच्या मुलाचा डोळा जमिनीपासून सुमारे १०५ सेंमीवर असतो. टेबल ७५ सेंमीचं, त्यावर १२ सेंमी पुस्तकांची चळत, त्यावर बरणी. म्हणजे १८ सेंमीचं कडं बरोबर १०५ ला येतं. मुलांच्या उंचीत पाच-सात सेंमीचा फरक असतोच; ठेंगणं मूल दप्तरावर बसतं, उंच मूल जरा वाकतं. खूण एकच, वरच्या कड्याची पुढची आणि मागची रेघ एकमेकींत मिसळून एकच सरळ रेघ दिसली पाहिजे. तोवर पेन्सिल हातात घ्यायची नाही. हे पाऊल गाळलं तर पुढचं सगळं वाया.

डोळ्यापासून बरणी ६० सेंमीवर ठेवली की आकडे फार सोयीचे पडतात. खालची कडी डोळ्याच्या रेषेच्या ६, १२ आणि १८ सेंमी खाली, म्हणून त्यांची रुंदी आणि जाडी अनुक्रमे १०:१, १०:२ आणि १०:३ च्या आसपास दिसते. मुलं हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माप घेतात: कड्याची जाडी त्याच्या रुंदीत किती वेळा मावते? वरून खाली दहा वेळा, पाच वेळा, तीनहून थोडी जास्त वेळा. हे आकडे फळ्यावर आधी लिहायचे नाहीत. एका टेबलावरच्या पाच जणांनी आपापले आकडे आधी वहीत लिहावेत आणि मगच एकमेकांचे बघावेत. आकडे जुळतात तेव्हा जो कालवा होतो त्यासाठीच तर हे सगळं. आणि या तिघांतलं शेवटचं कडं म्हणजे बूड! पट्टीसारखं सरळ काढलेलं बूड प्रत्यक्षात सगळ्यांत गोल आहे, हे मूल स्वतःच्या आकड्यावरून बोलतं.

काढण्याचा क्रमही पक्का केला आहे. आधी उभा अक्ष, मग रुंदीच्या दोन खुणा, अक्षाला काटकोनात आडवा अक्ष (वहीचा कोपरा गुण्या म्हणून चालतो), जाडीच्या वर-खाली दोन खुणा. मग कागदाला न टेकवता पेन्सिल तीन-चार वेळा हवेत फिरवायची, खांद्यातून, मनगटातून नव्हे, आणि फिरत्या हातानेच अलगद कागदावर उतरायचं. मागची न दिसणारी बाजूही पुरी काढायची. चार फेऱ्या एकमेकींवर पडल्या तरी खोडरबर नाही.

चुका तीन जातींच्या. ‘डोळा’: दोन कमानी काढून टोकं जोडली की कडेला कोपरा होतो. कडेला वळण घट्ट असतं, पण गोलच असतं. ‘कॅप्सूल’: टोकं गोल, मधला भाग सपाट. तिसरी ‘घसरडी ताटली’, आडवा अक्षच तिरका. पहिल्या दोन चुका मुलांना सांगून पटत नाहीत, म्हणून बटर पेपर. लंबवर्तुळ त्यावर छापून घ्यायचं, आडव्या अक्षावर घडी, मग उभ्या अक्षावर घडी, आणि खिडकीच्या काचेवर धरायचं. चार पाव भाग एकावर एक बसले तर उत्तम. नाही बसले तर नेमका कुठला पाव भाग फुगला ते उजेडात दिसतं. एका सातवीच्या वहीत डावीकडचा खालचा पाव भाग सलग सहा वेळा फुगलेला निघाला. वही तिरकी ठेवायची सवय. वही सरळ केली आणि फुगा गेला.

बरणीनंतर स्टीलचा डबा आणि मगच कळशी. डब्यात एक नवी गोष्ट येते: काठाची जाडी. आतलं आणि बाहेरचं अशी दोन लंबवर्तुळं, आणि त्यांच्यातली पट्टी डावी-उजवीकडे रुंद, पुढे-मागे अरुंद. मुलं ती सगळीकडे सारखी काढतात आणि डबा वॉशरसारखा दिसतो.

आता शिक्षकांसाठी एक फायद्याची गोष्ट. डबा २५ सेंमी उंच, ४५ सेंमीच्या स्टुलावर. १४० सेंमीवरून तोंड ४:१ दिसतं, बूड २.५:१. पुढच्या बाकावरून, ८० सेंमीवर, तोंडच २.५:१ होतं. मागून, २८० सेंमीवरून, तोंड ८:१ म्हणजे जवळजवळ काडी. अर्थ सरळ आहे, शेजाऱ्याचं बघून काढलेलं चित्र जागेशी जुळत नाही. म्हणून यापुढे पानाच्या कोपऱ्यात तारखेखाली बसण्याचं अंतर लिहायचं. गुणही तसे वाटले आहेत: दहापैकी ४ रचनेच्या रेघांना, ३ प्रमाणाला, २ तारीख आणि अंतराला, १ मांडणीला. छायेला शून्य. या आठवड्यात शेडिंग चक्क बंद आहे. पितळेची चकाकी काढायला मुलं उतावीळ असतात, आणि एकदा मऊ ४बी पेन्सिल घासली की वाकडं लंबवर्तुळ तिच्याखाली सुखाने झोपतं. मोबाइलवर फोटो काढून त्यावरून काढणंही बंद. जवळून घेतलेल्या फोटोत तोंड फुगतं आणि बूड आक्रसतं.

वह्यांबद्दल थोडं. स्पायरल वह्यांचा नाद या पावसात पुरता सुटला. खाऱ्या दमट हवेत तार गंजते, पानाला तांबडी ठिपक्यांची माळ उमटते आणि वही उलटताना पान फाटतं. घाऊक दुकानातून आणलेल्या ‘आर्टिस्ट’ वह्यांचा कागद एवढा सैल निघाला की दुसऱ्यांदा खोडलं की लव उठते. त्यापेक्षा घरी शिवलेली वही बरी. २२ × ३० इंची, १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद, एका तावाचे ११ × १५ चे चार तुकडे, मधे घडी. तीन तावांत १२ घड्या, म्हणजे ४८ पानं. चार-चार घड्यांचे तीन जुडगे करून पाच भोकांतून मेणाच्या दोऱ्याने शिवायचे. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने यायला हवी. ताव दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, जिकडे कमी विरोध करतो तिकडे धागा. उलटी घडी घातली तर श्रावणात वही पापडासारखी वळते. ओलसर कागदावर एच किंवा २एचची कडक पेन्सिल चर पाडते, ती खोडूनही जात नाही, म्हणून रचनेच्या रेघांना मऊ बी, हलक्या हाताने. अप्सरा चालते, नटराजही चालते. महागड्या पेन्सिलीने लंबवर्तुळ सुधारत नाही.

पुढचा आठवडा खरं तर बल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) पर्स्पेक्टिव्हला ठेवला होता. तो ढकलतो. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे आणि हे लिहितानाच लक्षात आलं की माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळांची चौकट, डोळ्याच्या रेषेच्या वर टांगलेली असते! आतापर्यंत सगळी कडी वरून बघितली. आता खालून बघायची. तीच बरणी दोरीने टांगली की बूड खालून दिसायला लागतं, आणि जितकं वर तितकं कडं गोल. माटोळीतला असोला नारळ, चिबूड, तोरिंगण (पपनस) या सगळ्यांना देठाशी किंवा बुडाशी एक कडं असतंच. कांगलांचे घोस आणि घागऱ्यो ही रानफळं मात्र आठवीवर सोडू, लहानांना त्या फांद्यांतच गुंतायला होईल. आधी अख्खी माटोळी एका पानावर असा विचार होता, तो रद्द. प्रत्येकाने एकच फळ, तीन उंचींवरून: मांडीवर, डोळ्यासमोर, डोक्यावर. नंतर सगळी पानं भिंतीवर आपापल्या उंचीला लावली की वर्गाची माटोळी होईल. डोळ्यासमोरच्या पानांची रांग खडूने आखलेल्या एका रेघेवर यायला हवी, नाहीतर सगळा हिशोब बिघडेल.

पाऊस उघडल्यावर गोव्यातल्या म्हार्दोळला महालसेच्या देवळातला पितळी दीपस्तंभ करायचा. २१ कडी, एकावर एक, वर निमुळती होत गेलेली. खाली उभं राहिलं की डोळ्याच्या खाली जेमतेम एखाद-दुसरं कडं, बाकी सगळी वर. त्यातली तीनच काढायची: डोळ्याच्या रेषेजवळचं, मधलं आणि सगळ्यांत वरचं. सगळ्यांत वरचं कडं रुंदीने सगळ्यांत लहान आणि प्रमाणाने सगळ्यांत गोल असणार. यावर मुलं भांडणार, भांडू दे.

घरचा अभ्यास असा दिला आहे: ओट्यावरची गोल तोंडाची तीन भांडी, एकदा उभं राहून, एकदा पाटावर बसून. सहा चित्रं, प्रत्येकी दहा मिनिटं, अक्षाच्या रेघा तशाच ठेवायच्या. पाटावर बसलं की भांडी डोळ्याच्या वर जातात आणि तोंड दिसेनासं होतं. ते दिसत नसताना कोणी काढलंय का, ते सोमवारी वह्या उघडल्यावर कळेल.

बरणी टांगायला सुताची दोरी आणा. नायलॉनला पीळ राहतो आणि बरणी तासभर फिरत बसते.