टाकी लवकर सुटली, तर धंदा सुटतो

बेळगावात स्वतःची बिअर करून विकायची म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "चोर्ला घाट उतरलं की गोव्यात स्वस्त मिळतीय, तुझ्याकडं कोण येणार?" खरं आहे. दराच्या लढाईत गोव्यापुढं आपला निभाव लागत नाही. म्हणून खर्च कुठं कुठं गळतो, ते शोधायला बसलो.

सगळ्यात मोठी गळती टाक्यांत निघाली. लागर, म्हणजे थंडीत सावकाश होणारी बिअर, १०-१२ अंशांवर आंबवून पुढं थंडीत मुरवायची म्हणजे टाकी महिना-दीड महिना अडकते. गव्हाची बिअर किंवा एल, म्हणजे जरा उबेत झटपट आंबणारी बिअर, १८-२० अंशांवर दोन आठवड्यांच्या आसपास ग्लासात येते. टाकी तीच, भाडं तेच. आता लागरला एकच टाकी ठेवलीय. हट्टानं तीच मागणारे नेहमीचे लोक आहेत, त्यांना नाही म्हणवत नाही.

गुऱ्हाळावर राबलेली आमची पोरं प्रत्येक बॅचला 'आदण'च म्हणतात. ५०० लिटरची दोन आदणं एकाच दिवशी काढून १००० लिटरच्या टाकीत भरतो. उकळलेलं वर्ट (माल्टचा गोड काढा, आंबवण्याआधीचा) हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे शेजारून गार पाणी फिरवणाऱ्या यंत्रातून, थंड करताना जे गरम पाणी निघतं, ते झाकबंद टाकीत साठवून दुसऱ्या आदणाला वापरतो. धुणं-पुसणंही दोनदाऐवजी एकदाच.

बिअर आंबवणारं यीस्ट एका आदणातनं काढून पुढच्याला वापरता येतं, पण ते हावरटपणानं वाचवायचं नाही. टाकीच्या तळातून आधी काळपट गाळ येतो, तो टाकायचा. मागून येणारा पांढरा, सायीसारखा थर तेवढा धरायचा आणि २-४ अंशांवर ठेवून आठवड्याभरात वापरायचा. त्याआधी थेंबभर यीस्ट मिथिलिन ब्लू नावाच्या निळ्या रंगात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. शंभरात दहाच्या वर निळ्या दिसल्या की यीस्टचं पाकीट नवीन. तब्येत चांगली असली तरी सहा-सात पिढ्यांपुढं, म्हणजे तेवढ्या वेळा वापरल्यावर, मी जात नाही.

१०० लिटर बिअरमागं अंदाजे २० किलो माल्टचा ओला चोथा उरतो. तो न्यायला शहापूरकडचे गवळीमामा येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "मालक, हे आजच्या आज न्यायला पायजे. उद्या आंबल्यावर म्हस तोंड लावत न्हाई." पैसे घेत नाही, पण आदणाच्या दिवशी दुपारपर्यंत टेम्पो दारात हवा, एवढीच अट. पावसाळ्यात तर चोथा रात्रभर राहिला की गल्लीत वास सुटतो आणि शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात.

पावसाळ्याचंच दुसरं दुखणं पैशाचं. कर्नाटकात अबकारी परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून. म्हणजे बेळगावात पाऊस सुरू होऊन गच्चीवरची टेबलं ओस पडतात, नेमकी तेव्हाच फी भरायची. ऑक्टोबरपासून दर महिन्याला त्या फीचा एक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो, आणि त्या खात्याला हात लावायचा नाही हे घरच्यांनाही सांगून ठेवलंय.

अबकारीच्या वहीत रोजचे लिटर लिहायचेच असतात. त्याशेजारी मी ग्लासांचा हिशेब मांडायला लागलो. टाकीतून गेलेली बिअर आणि विकलेली बिअर यांचा मेळ बसेना. उन्हाळ्यात नळीत बिअर तापते, फेस उसळतो आणि पोरं तो सिंकमध्ये ओततात. नळीवर फोमचं आवरण चढवलं, ग्लास धुतल्यावर थंड पाण्यानं खंगाळायला लावले. फेस बराच आवरला. शेवटच्या दोन मीटरची नळी अजून उघडीच आहे, ती भिंतीतून न्यायला गवंडी मिळत नाहीय.