पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं

गावठाणातल्या एका काकूंची पहिली तक्रार माझ्या मोबाइलवर आली ती अशी: विभाग पाणीपुरवठा, प्रकार दूषित पाणी, ठिकाण गावठाण, स्थिती प्रलंबित, मुदत ७२ तास. तारीख ८ एप्रिल २०२४. एवढंच.

मी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. तक्रारी आमच्याकडे येतात तेव्हा त्यांच्यावर घड्याळ बसवलेलं असतं, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. ७२ तास उलटले की टोकन, म्हणजे तक्रारीची नोंद, लाल होतं, उपअभियंत्यांच्या यादीत चढतं, आणि आठवड्याच्या आढावा बैठकीत नावानिशी विचारणा होते. तिथे 'लाल किती' हे विचारतात. 'पाणी सुधारलं का' हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

काकूंनी टोल फ्री नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या मुलीला त्यांनी सगळं सांगितलं होतं: पाणी दिवसाआड येतं, पहाटे साडेपाचला सुटतं, पहिली दहा मिनिटं काळपट येतं, वास येतो, मग स्वच्छ होतं. त्या मुलीसमोर एक यादी असते, त्यातून प्रकार निवडायचा असतो. तिने 'दूषित पाणी' निवडलं. शेरा लिहायला जागा आहे, पण ती भरायची सक्ती नाही, आणि पुढचा कॉल वाजत असतो. तिला मी दोष देत नाही. पण आजार ओळखायला लागणारी सगळी माहिती त्या एका वाक्यात होती आणि माझ्यापर्यंत त्यातले दोन शब्द पोचले.

पूर्वी असं होत नसे. नगरसेवक फोन करायचे, ओरडायचे, कधी अपमानही करायचे. पण 'पारापुढच्या चार घरांना, तेही पहाटेच' इतकं त्यांना नेमकं ठाऊक असायचं. २०२२ ला त्यांची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही, प्रशासक आले. तक्रार पूर्ण वाक्यात सांगणारा माणूसच मधून गेला. नगरसेवकांचा मला पुष्कळ त्रास झालाय, तरी हे मला मान्य करावं लागतं.

तर ८ एप्रिलची तक्रार. तेव्हा लोकसभेच्या निवडणुकीच्या ड्युटीवर आमचा अर्धा स्टाफ गेला होता. ९ तारखेला प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला गेला. नमुना कसा घेतात ते सांगते, कारण हे काम आम्ही खरंच नेटाने करतो. बाटली निर्जंतुक केलेली, आत थोडं सोडियम थायोसल्फेट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन वाटेतच जंतू मारून अहवाल खोटा करणार नाही. नळाचं तोंड पुसायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, तोंड ज्योतीवर धरून तापवायचं, मग परत थोडं पाणी सोडून बाटली भरायची, बुचाला आतून बोट लागू द्यायचं नाही. बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळा. १०० मिलीत ई. कोलाय एकही नको. मानक तसं आहे आणि ते योग्यच आहे.

फक्त आमचा माणूस पोचला पावणेसातला. पाणी सुटून सव्वा तास झालेला. वर नियमाप्रमाणे त्याने दोन-तीन मिनिटं पाणी सोडून दिलं. नमुना पिण्यास योग्य आला. उरलेला क्लोरीनही ०.२ पीपीएमच्या, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या, वर. १० तारखेला मी अहवाल जोडला, पेल्यातल्या नितळ पाण्याचा फोटो जोडला आणि 'निराकरण झाले' दाबलं. दुसरी तक्रार २२ एप्रिलची, २५ ला बंद. तिसरी ९ मेची, ११ ला बंद. तिन्ही वेळा पाणी सुटून तासभर झाल्यावरचे नमुने, तिन्ही योग्य. तिसऱ्या वेळी काकूंचा नंबर पाहून मुकादम म्हणाला, "मॅडम, या बाईंना सवयच आहे." मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही.

२१ मेला काकू ऑफिसात आल्या. साठीच्या पुढच्या, पायात स्लीपर, हातात भाजीची पिशवी. पिशवीतून त्यांनी पाच बाटल्या काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. सरबताच्या काचेच्या बाटल्या, धुऊन वाळवलेल्या. प्रत्येकीवर डॉक्टर जखमेला लावतात ती चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने: '१३ मे, ५.३४'. '१५ मे, ५.३३'. १७, १९, आणि त्या दिवशीची २१. पहिल्या चारही बाटल्यांच्या तळाशी बोटभर काळा गाळ बसला होता. आजच्या बाटलीतला अजून बसायचा होता, ती नुसतीच राखाडी दिसत होती. मी तिचं बूच उघडलं आणि लगेच लावलं. गटाराचा वास ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

"मी तीनदा सांगितलं, पहिली दहा मिनिटं," काकू म्हणाल्या. "तुमचा माणूस येतो सात वाजता. सात वाजता पाणी चांगलंच असतं. चांगलंच असतं असं मीच फोनवर सांगितलंय."

जायला उठल्यावर, पिशवीची घडी घालताना त्या म्हणाल्या, "पलीकडच्या घरातला पोरगा काविळीनं आडवा झालाय. सतरा तारखेला डोळे पिवळे दिसले. म्हणून आले, नाहीतर मीही आता जारच घेणार होते."

सगळी गल्ली तेच करत होती. कुणी पहिलं पाणी मोरीत सोडून द्यायचं, कुणी वीस लिटरचे जार घ्यायचं. गल्लीच्या ग्रुपवर काळ्या पाण्याचे फोटो फिरत होते, आम्हाला शिव्या पडत होत्या. टोकन मात्र एकाच घराचं. लोकांनी हे सोसून घेतलं याचा मला राग येतो, आणि तीन तक्रारींचं आम्ही काय केलं हे आठवलं की तो राग कुणावर काढावा कळत नाही.

२३ मेला पहाटे पावणेपाचला मी गल्लीत होते. बरोबर मुकादम, दोन बिगारी आणि आमचे चावीवाले मामा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या या माणसाला खात्यात सगळ्यात कमी पगार आणि लाइनची सगळ्यात जास्त माहिती. मामांनी उभ्या उभ्या बोटाने हवेत नकाशा काढला. कोपऱ्यावर व्हॉल्व्ह, तिथून चार इंची बिडाची लाइन, आधी उताराकडची घरं, मग जुना वाडा होता ती जागा, मग चढ, आणि शेवटाला काकूंची सहा घरं. वाड्याच्या अलीकडे कुणाची तक्रार नाही. पलीकडे सगळ्यांची.

५.३० ला मामांनी चावी फिरवली. मी काकूंच्या मोरीत क्लोरोस्कोप घेऊन बसले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे, थेंब टाकायचे आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, रंग बघायचा. क्लोरीन असेल तर पिवळा येतो. नळाने आधी हवा सोडली, खोकल्यासारखी, आणि ५.३३ ला पाणी आलं. राखाडी. थेंब टाकले, पिवळ्याचा मागमूस नाही. ५.३५, नाही. ५.३८, नाही. ५.४१ ला नळीत लिंबाच्या सालीइतका फिका पिवळा. ५.४४ ला भरघोस पिवळा, पाणी नितळ. घाण सगळा क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून पहिल्या पाण्यात तो शून्य. काकू दाराशी उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांची दहा मिनिटं माझ्या वहीत अकरा भरली.

मग ड्रेनेजचे चेंबर उघडायला लागलो. वाड्यासमोरचा दुसरा चेंबर तुंबून निम्म्यापर्यंत भरलेला, वर काळी साय. आणि त्या साईच्या मधोमध, भिंतीलगत, वीतभर जागेत स्वच्छ पाण्याची उकळी फुटत होती. तूप कढताना मध्येच नितळ डोळा दिसतो तशी. आमचंच पाणी, शुद्ध करून, पंपाने चढवून आणलेलं, गटारात जात होतं.

खरा प्रकार पाणी बंद झाल्यावर दिसला. साडेसातला मामांनी व्हॉल्व्ह बंद केला. उताराकडच्या घरांत मोटारी चालूच होत्या. थेट नळाला मोटार लावायला बंदी आहे; आम्ही जप्त करतो, लोक दुसरी आणतात. मोटारी लाइनमधलं उरलंसुरलं पाणी खेचत होत्या. चेंबरमधली उकळी मंदावली, थांबली. साईवर थर्माकोलचा एक तुकडा तरंगत होता. तो आधी स्थिर होता, मग हळूहळू भिंतीकडे सरकला, जिथे उकळी होती तिथे जाऊन गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. रिकामी होणारी लाइन गटार आत ओढत होती. परवा पाणी सुटलं की हेच आधी चढावरच्या सहा घरांत जाणार. मुकादम माझ्या शेजारी उकिडवा बसून ते बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आपण रोज पाजतोय हे, मॅडम."

चेंबर उपसून बघितलं. वाड्याचा जुना अर्धा इंची जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा, जोड चेंबरच्या आरपार गेलेला. वाडा पाडला तेव्हा नळजोड मुख्य लाइनवर, फेरूलपाशी, म्हणजे घराचा पाइप लाइनला जोडतात त्या तोटीपाशी, बंद करायला हवा होता. त्यासाठी रस्ता खोदावा लागतो, म्हणून कुणीतरी पाइप प्लॉटच्या हद्दीवर कापला आणि तोंडात लाकडी गुट्टी ठोकली. गुट्टी अजून पक्की होती. चेंबरमधला पाइप मात्र सडून करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. परवानाधारक प्लंबरचा दाखला फाइलला आहे: 'नळजोड बंद केला'. त्याच्यावर आमच्या खात्याची सही आहे. सही माझी नाही, माझ्या आधीच्यांची. पण मी असते तरी जागेवर जाऊन बघितलं असतं का, याचं उत्तर मला ठामपणे देता येत नाही.

वर रस्ता नव्याने काँक्रीट केलेला. पथ विभागाने खोदाईची परवानगी रीतसर पत्राने मागायला सांगितली. ड्रेनेजवाले म्हणाले, चेंबर तुंबलाय हे खरं, पण पाइप तुमचा. पत्र फिरेपर्यंत दोन वेळा पाणी सुटलं असतं. मी उपअभियंत्यांना फोन केला, ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर करा." दुपारी ब्रेकर लावला. रात्री नऊला फेरूल बंद करून वर प्लग बसवला, लाइन धुऊन काढली, टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, द्रावण भरून रात्रभर ठेवलं आणि पहाटे सोडून दिलं. आठवड्याने विनापरवाना खोदाईबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं. त्याचं उत्तर मी दीड पान लिहिलं, आणि नोकरीत लिहिलेल्या कागदांपैकी तो मला सगळ्यात आवडतो.

२५ आणि २७ मेला मी पुन्हा पहाटे गेले. पहिल्या मिनिटाच्या पाण्याला पिवळा रंग आला.

मुलाचा रिपोर्ट मी बघितला, हेपॅटायटिस ए. आम्हाला प्रशिक्षणात दिल्लीचं उदाहरण शिकवतात. १९५५-५६ मध्ये सांडपाणी यमुनेतून पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात शिरलं, तिथे क्लोरीन देत होते तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू वेगळा, पण वाट हीच. हेपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८. मुलाचे डोळे १७ मेला पिवळे झाले. मी कॅलेंडर घेऊन मागे मोजत गेले. ५० दिवस म्हणजे २८ मार्च, १५ दिवस म्हणजे २ मे. २८ दिवस म्हणजे १९ एप्रिल. मी पहिली तक्रार बंद केली १० एप्रिलला.

त्याने बर्फाचा गोळा खाल्ला असेल. शाळेतलं पाणी असेल. २८ मार्च ते ८ एप्रिलमध्ये, तक्रारच नव्हती तेव्हा, लागण झाली असेल. हे कधीच कळणार नाही, हे मला कळतं. तरी १० आणि १९ यांच्यामधले नऊ दिवस मी पुन्हा पुन्हा मोजते. मुलगा जूनमध्ये शाळेत जायला लागला. त्याच्या आईने मला एका शब्दाने काही विचारलेलं नाही.

विचारलं काकूंनी. २७ तारखेला त्यांनी चहा दिला आणि मोबाइल पुढे केला. तिन्ही टोकनं हिरवी दिसत होती. "हे बंद केल्याची तारीख खोटी आहे ना? खोडता येतं का?"

खोडता येत नाही. सिस्टिममध्ये तशी सोयच नाही. मी आयटीच्या माणसाला विचारून बघितलं. मग मी तिन्ही तक्रारींची प्रिंट काढली आणि प्रत्येकीवर निळ्या शाईने लिहिलं: 'सदर तक्रारीचे निराकरण नमूद दिनांकास झालेले नव्हते. नमुना पाणी सुटल्यानंतर एका तासाहून अधिक वेळाने घेतला गेला.' खाली सही, हुद्दा, तारीख २८ मे २०२४. तीन पानं कामाच्या फाइलला लावली, एकेक झेरॉक्स काकूंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून तिन्ही वाचल्या, घडी घातली आणि गॅसच्या पुस्तकात ठेवल्या.